‘कशावरून?’ विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

सोलापूर नगरपालिकेची स्थापना १ ऑगस्ट १८५२ ची. २०२७ साली त्याच तारखेला १७५ वर्षे पुरी होतील. त्यासाठी लावायच्या फलकांचा मसुदा तुम्ही ओळन् ओळ तपासलात, मोडी कागद वाचून दिलेत आणि समासात लाल शाईने जागोजागी एकच शब्द लिहिलात, ‘कशावरून?’ हे पत्र त्या एका शब्दाचे आभार मानण्यासाठी आहे. जाहीर अशासाठी, की बार्शी, करमाळा, मंगळवेढा, सांगोला, कुठे ना कुठे कुणीतरी आपल्या गावाचा वर्धापनदिन मांडायला बसलेले असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला तुमच्यासारख्या बाई येत नाहीत. तुम्ही दाखवलेल्या खाचाखोचा त्यांच्याही हाती पडाव्यात.

मसुद्याचा मथळाच तुम्ही आधी खोडलात. ‘सोलापूरचा १७५ वा वाढदिवस’ म्हटले की शिवयोगी सिद्धरामांचे बाराव्या शतकातले सोन्नलगे आणि बहामनी काळातला भुईकोट किल्ला, दोन्ही गावाच्या जन्माआधीचे ठरतात. १८५२ ला गाव जन्मले नाही, गावाची नगरपालिका जन्मली. १८५० च्या २६ व्या कायद्याने अशा नगरपालिका काढायची वाट मोकळी झाली होती. ‘महानगरपालिकेची १७५ वर्षे’ हेही चूक, कारण महानगरपालिका झाली १ मे १९६४ ला. तिसरी गोम तर वर्तमानपत्रांतही नेहमी सापडते. १७५ वा वर्धापनदिन १ ऑगस्ट २०२७ ला येतो, पण १७५ वे वर्ष १ ऑगस्ट २०२६ लाच लागते. निमंत्रणपत्रिकेवर ‘१७५ व्या वर्षानिमित्त’ आणि ‘१७५ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त’ यांत बारा महिन्यांचा फरक आहे. शिवाय १ ऑगस्ट म्हणजे टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. त्या दिवशी मिरवणुका असतात, सभागृहे आधीच गेलेली असतात. प्रदर्शन आदल्या आठवड्यात उघडा आणि १ तारखेला नुसते चालू ठेवा, ही तुमची सूचना इतिहासाची नव्हती, पण सगळ्यांत उपयोगाची होती.

नावाचा फलक पुन्हा मुळापासून लिहावा लागला. सोळा गावे एकत्र आली म्हणून सोलापूर, हे इथे लहान पोरसुद्धा सांगते. तुम्ही फक्त ती सोळा नावे मोठ्याने वाचायला लावलीत. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, राणापूर, शेखपूर इथपर्यंत ठीक चालते. मग येतात चपळदेव, जामदारवाडी, वैदकवाडी, ज्यांत ‘पूर’ नावालाही नाही. आणि त्याच यादीत सोनलगी, संदलपूर आणि खुद्द सोलापूर ही नावे आहेत. ज्या सोळांतून सोलापूर झाले म्हणायचे, त्या सोळांत सोलापूर आधीपासूनच कसे बसले? ही यादी ऐकल्यावर वाद घालायला काही उरत नाही. दुसऱ्या बाजूला दगडाचा पुरावा आहे. कलचुरी काळातल्या लेखात सोन्नलगे, मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या संस्कृत शिलालेखात सोनलीपूर, किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर आणि किल्ल्यातल्याच विहिरीवर संदलपूर. सोनलपुरातला ‘न’ बोलता बोलता गळाला की सोलापूर उरते. इंग्रजांनी त्याचे शोलापूर केले, म्हणून इंग्रजी दप्तराच्या सूचीत ‘सो’ने शोधले तर हाती काही लागत नाही, ‘शो’नेच शोधावे लागते. सोळा गावांची गोष्ट तुम्ही काढून टाकायला लावली नाहीत. ‘लोक असे सांगतात’ म्हणून ती खाली, चौकटीत ठेवायला लावलीत. हे आम्हाला फार पटले.

कामतीच्या त्या लेखावर शके १२३८ आहे आणि मसुद्यात ते ‘इ. स. १२३८’ झाले होते. एका शब्दाने गाव ७८ वर्षे मागे गेले. शकाचे इसवी करायला ७८ मिळवायचे, पण १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला मजकूर असेल तर ७९. म्हणून शके १२३८ म्हणजे १३१६, आणि महिना पौष-माघ-फाल्गुन असेल तर १३१७ सुद्धा. पौष मात्र कधी डिसेंबरातच लागतो, त्यामुळे तिथी आणि पंचांग पाहिल्याशिवाय पक्का आकडा टाकायचा नाही.

खरी दाणादाण अरबी सनाने उडवली. पेशवाईतल्या कागदावर वर्ष आकड्यात नसते, अरबी अंकनामांत असते, आणि तेही उलटे, एकम आधी. ‘सु॥ समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१८. याला सुहूर सन म्हणतात. तो मृगाला बदलतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, ती घटना याच १२१८ सनात बसते, कारण मे महिना मृगाच्या अलीकडचा, म्हणून अधिक ६००. आता कुणी हाच १२१८ फसली, म्हणजे महसुली सन, समजला तर ५९०-५९१ मिळवून १८०८-०९ येते. हिजरी समजला तर १८०३-०४. एकच आकडा, तीन वर्षे, आणि तिन्ही वेळा गादीवर दुसरा बाजीरावच. त्यामुळे चूक कुठे खटकतही नाही. असली न खटकणारी चूकच जास्त वाईट, हे तुम्ही दोनदा बजावलेत.

त्यात दिवस आणि महिना हिजरी असतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे आकडा, पुढे रजब, साबान, रमजान असे काही. वर्ष सौर आणि महिना चांद्र, हे मिश्रण एकदा समजले की कागद खुला होतो. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे, म्हणून रमजान कधी थंडीत तर कधी ज्येष्ठात. ठरावीक आकडा मिळवून हिजरीचे इसवी होत नाही, जंत्रीच, म्हणजे तारखा जुळवलेले तक्तेच, उघडावी लागते. मे १८१८ मध्ये रजब चालू होता, हे जंत्रीत दिसले की वरचा हिशेब ताळ्यावर येतो. तरीही एखाद्या दिवसाचा फरक राहतो, कारण हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो. त्यासाठी डोके आपटून घेऊ नये.

तुळजापूरकडच्या घराण्यांचे कागद निराळे काढून ठेवायला सांगितलेत, तेही बरे झाले. तो मुलूख निजामाचा. तिकडचाही सन फसलीच, पण नंतरच्या काळातल्या निजामी कागदांत वर्ष मृगाला नव्हे, ऑक्टोबरात बदलते आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी असतात. सोलापूर आणि तुळजापूर यांच्यात जेमतेम तासाभराचा रस्ता, पण जुलैतल्या एकाच दिवशी दोन्हीकडचे फसली वर्ष वेगळे.

मोडीबद्दल सांगायचे तर जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते, अक्षरे पाठ झाली की वाचता येते. बाराखडी आठवड्यात पाठ होते, कागद वाचायला वर्ष जाते. आधी पानभर आडवी रेघ मारून तिला अक्षरे लटकवत जायची ही लिहिण्याची रीत, त्यामुळे शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. आमच्या शहरातली बाळीवेस की बाळिवेस, हे मोडी कागदावरून ठरत नाही, म्हणून शुद्धलेखनाच्या भांडणात मोडी कागद साक्षीला आणू नये. तुमची पद्धत अशी: पहिल्या वाचनात कळलेले तेवढेच लिहायचे, न कळलेल्या अक्षरापुरते ठिपके द्यायचे, अंदाजाने भरायचे नाही. मग त्याच हातचा दुसरा कागद घ्यायचा. लेखकाचा ‘र’ आणि ‘क’ तिथे ओळखीच्या शब्दात सापडला की पहिल्या कागदातले ठिपके आपोआप भरतात. मायना आणि शेवट ठरलेला असतो, ‘राजश्री’, ‘विनंती उपरी’, ‘बहुत काय लिहिणे’, म्हणून अक्षराची ओळख तिथून काढायची आणि मधल्या मजकुरात शिरायचे. अंदाज नको म्हणण्याचे कारण मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ‘ध’ चा ‘मा’ आपल्याकडेच झाला म्हणतात.

दोन उभ्या रेघांनी तर सगळ्यांनाच चकवले. अक्षरापुढे ॥ आले तर ते संक्षेपाचे चिन्ह: मौ॥ म्हणजे मौजे, क॥ कसबे, प॥ परगणे, मु॥ मुक्काम, बि॥ बिन, म्हणजे अमक्याचा मुलगा. आकड्यापुढे तेच ॥ आले तर अर्धा. ५॥ म्हणजे साडेपाच. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. नकलेत एक रेघ पुसट झाली की साडेपाचाचे सव्वापाच होतात आणि बेरीज जुळत नाही. म्हणून जमाखर्चाचा कागद आधी बेरीज करून पाहायचा आणि मग वाचायचा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. खंडीचे २० मण, मणाचे ४० शेर. बेरीज दशमानात केली तर चुकणारच. मात्र गावोगावचा शेर सारखा नव्हता, तेव्हा ‘म्हणजे आजचे इतके किलो’ असे फलकावर लिहायचे नाही, हेही तुम्हीच बजावले.

दगडांकडे येऊ. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे परवानगीशिवाय लेखाला हात लावायचा नाही. तिथला लेख फोटोनेच घ्यावा लागतो. समोरून ऊन असताना काढलेल्या फोटोत अक्षरे दिसत नाहीत, सपाट होतात. ऊन बाजूने, दगडाला घासून जाणारे हवे, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठते. लेख पूर्वेला तोंड करून असेल तर सकाळी सूर्य चांगला वर आल्यावर, उत्तरेला असेल तर ऊन कधी तिरके येते ते आधी जाऊन पाहायचे. एका बाजूने प्रकाश टाकला तर त्या दिशेशी समांतर रेघा हरवतात, म्हणून निदान दोन बाजूंनी फोटो, आणि शेजारी मोजपट्टी. मोजपट्टी नसलेला फोटो हा नुसता फोटो, हे तुमचे वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

खेड्यातल्या मोकळ्या दगडाचा ठसा घ्यायचा असेल, आणि गावाची व पुजाऱ्याची हरकत नसेल, तर पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यानेच धुवायचे. तारेचा ब्रश नको, आम्ल नको, अक्षरांत खडू भरायचा नाही. खडू भरणारा आपल्याला दिसते तेच अक्षर रंगवतो आणि पुढचा वाचक तेच वाचतो. शेंदूर किंवा ऑइलपेंट बसलेला असेल तर तो खरवडण्यापेक्षा लेख तसाच राहू द्यावा. मग खळ नसलेला, पाणी पिणारा कागद ओला करून दगडावर पसरायचा, दाट केसांच्या ब्रशने मधून बाहेर ठोकत खाचांत बसवायचा, मधली हवा काढायची, फाटेल तिथे त्याच कागदाचा तुकडा लावायचा. कागद अर्धवट सुकला, बोटाला गार लागतो पण पाणी लागत नाही, अशा वेळी कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने काजळीची शाई हलकेच थापायची. वरचा भाग काळा होतो, खोदलेली अक्षरे पांढरी राहतात. घाई केली तर शाई ओल्या कागदातून अक्षरात पसरते. उशीर केला तर कागद दगड सोडतो आणि ठसा हलतो. सोलापूरच्या उन्हात ही मधली वेळ काही मिनिटांचीच, म्हणून मार्च ते मे सकाळी आठच्या आत काम उरकायचे. वारा सुटला तर सरळ घरी यायचे.

कागदांबाबत तुम्ही एकच गोष्ट रागाने लिहिलीत आणि ती योग्य होती: लॅमिनेशन. प्लॅस्टिक उष्णतेने कागदात मुरते, पुन्हा सुटत नाही. आतला कागद पिवळा पडत जातो आणि दुरुस्तीची वाट कायमची बंद होते. सेलोटेपचेही तेच, टेप निघून जातो आणि चिकटपणा तपकिरी डाग होऊन राहतो. काजळी-डिंकाच्या शाईचा कागद ओल्या फडक्याने पुसला तर शाई उठते, तेव्हा कोरडा मऊ ब्रशच. घडीचा कागद ताणून उघडायचा नाही. पावसाळ्यातल्या हवेत तो आपोआप सैल होतो, मग टीपकागदाच्या मध्ये ठेवून वर सपाट वजन. उन्हाळ्यात उघडाल तर घडीवर तुटेल. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. हातमोजे फोटोंसाठी, कागदाला धुतलेले कोरडे हातच बरे, मोज्यात बोटाला कड कळत नाही आणि कागद फाटतो. स्कॅन कागदाचा ४०० डीपीआय, फोटोचा ६००, मूळ प्रत टिफ, वाटायला जेपेग. आणि घरी आलेला कागद त्याच आठवड्यात परत करायचा. ज्या घरातून वेळेवर परत गेला, त्याच घरातून दुसरे दप्तर बाहेर निघते.

१९३० च्या फलकाला मात्र तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात. ९, १०, ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजी सत्ता नव्हती, १२ मे १९३० ला मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले. मसुद्यात दोन्ही ‘१२’ गोंधळून फाशीची तारीख मे महिन्यात गेली होती. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या शहरात असली चूक फलकावर लागली असती तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नावेही पूर्ण लिहायची, कुठलेही नाव कमी करायचे नाही, आणि चौघांचा टाइप एकाच मापाचा.

आणि एक गोष्ट, जी मोडीच्या पलीकडची. सिद्धेश्वर यात्रेच्या फलकावर ‘तेल लावणे’, ‘कपडे काढणे’ असे मराठी करून टाकले होते. तुम्ही कन्नड शब्द परत बसवलेत: यण्णीमज्जन, कप्पडकळ्ळी. एण्णे म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान, अर्थ कंसात नव्हे, पुढच्या वाक्यात. सात नंदीध्वज, ६८ लिंगे, सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता, हे सगळे ज्या भाषेतून आले तिचा आवाज फलकावर असायला हवा. गिरणीच्या फलकालाही हेच लागू. १८७७ ची जुनी मिल, साचेखाता, पाळी, बदली, भोंगा हे शब्द कामगारांचे, तेच राहू द्यायचे. पूर्वभागातल्या म्हाताऱ्या विणकरांशी तेलुगूतून बोलायचे आणि साल विचारायचे नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’, ‘किल्लारीच्या भूकंपाला मिल चालू होती का?’ असे विचारले की साल आपोआप सापडते.

छपाईचे थोडक्यात. श्रीलिपी या जुन्या संगणकीय टंकातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे आणि रफार मोडतात, म्हणून बदलल्यानंतर पुन्हा वाचायचे. फलकावर शंभराच्या आत शब्द, डोळ्यांच्या उंचीला, आणि प्रत्येक फलकाच्या खाली बारीक टाइपात एक ओळ, ‘कशावरून’. त्या ओळीत लेख, कागद किंवा गॅझेटियरचा खंड (आपल्या जिल्ह्याचा विसावा, १८८४ चा). ज्या फलकाला ती ओळ भरता आली नाही, तो लावलेला नाही. असे चार फलक बाजूला ठेवले आहेत. सोळा गावांचा मात्र त्यांत नाही, तो चौकटीसकट लागतो आहे.

तुमचे भिंग आमच्याकडे राहिले आहे. दांड्याचा स्क्रू सैल होता, तो पक्का करून घेतला. अक्कलकोट संस्थानाकडच्या एका घरातून रुमालात बांधलेले दोन गठ्ठे आले आहेत, वरच्या कागदावर सन ‘सलास’ने, म्हणजे तीनने, सुरू होतो, पुढचा शब्द वाळवीने खाल्ला आहे. ठिपके दिले आहेत, अंदाजाने भरलेले नाही. गुरुवारी संध्याकाळी भिंग आणि गठ्ठे घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
फलकांचे काम करणारे आम्ही सगळे
सोलापूर